गावाची पूरसूचना यंत्रणा : आधी भोंगा, मग सेन्सर

पंचगंगेच्या काठावर पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या पुढे गेली. पंचगंगा २०१९ आणि २०२१ अशी दोनदा ५५ फुटांच्या वर होती. त्या दिवसांत बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाईलवर येत होती, तरीही हजारो माणसं शेवटी होडीतूनच बाहेर काढावी लागली.

माहिती होती, पण ती गल्लीपर्यंत उतरत नव्हती. ‘राजाराम ५० फूट’ म्हणजे माझ्या गोठ्यात पाणी किती वाजता येणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिरोळ तालुक्यात तर कृष्णेचा फुगवटा पंचगंगेचं पाणी अडवून धरतो, त्यामुळे वर कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी खाली चढतच राहू शकतं. नदीकाठच्या गावाला स्वतःचा आकडा हवा तो यासाठी.

हा लेख अशी यंत्रणा उभारू पाहणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी, तरुण मंडळासाठी किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या पोरांसाठी आहे. बहुतेक जण सेन्सर विकत घेऊन सुरुवात करतात आणि भोंग्याचा विचार शेवटी करतात. माझं सांगणं उलट आहे. कोणाला, किती आधी, काय सांगायचं हे आधी ठरवा. त्यावरून सेन्सर कोणता आणि कुठे ते आपोआप ठरतं.

१. गावाचा फूट-तक्ता

या कामाला वीज लागत नाही आणि पैसेही जवळपास लागत नाहीत. तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या भिंतीवर ऑइलपेंटने फुटांची पट्टी रंगवा. शून्य कुठेही धरा, पण एकदा धरलं की बदलू नका. मग गावातल्या जुन्या पूररेषा गोळा करा. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवरच्या डागांवरून, देवळाच्या पायरीवरून आणि म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यावरून कळतं. एका माणसाच्या आठवणीवर विसंबू नका. शेजारच्या तीन घरांनी एकच खूण दाखवली तरच ती धरा.

आता ही उंची घराघरापर्यंत न्यायची. त्यासाठी सर्व्हेअर परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. पाईपमध्ये पाणी भरा, बुडबुडे काढा, एक टोक ज्ञात उंचीच्या खुणेवर धरा आणि दुसरं पुढच्या घराच्या भिंतीला लावा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथे रेघ मारा. असं टप्प्याटप्प्याने पुढे सरकत शेवटच्या घरापर्यंत जा आणि परत येऊन पहिल्याच खुणेवर थांबा. जाऊन-येऊन फरक दोन इंचांच्या आत असेल तर काम चोख झालं. जास्त असेल तर पाईपमध्ये कुठेतरी हवा अडकली आहे, पुन्हा करा.

यातून एक साधा तक्ता तयार होतो. अमुक फुटाला स्मशानभूमीचा रस्ता बंद, तमुक फुटाला खालच्या गल्लीतले गोठे, त्यापुढे शाळेचं पटांगण, मग गावाबाहेर पडायचा शेवटचा रस्ता. या शेवटच्या रस्त्याची उंची तक्त्यात लाल रंगाने लिहा. घरात पाणी शिरण्याआधी रस्ता तुटतो आणि माणसं कोरड्या घरात अडकतात, असं अनेक गावांत होतं. अशा ठिकाणी स्थलांतराची पातळी घराच्या उंबऱ्यावरून ठरवू नका. त्या रस्त्यावरून ठरवा.

दुसरी गोष्ट जनावरांची. दोन म्हशी दावणीला असताना माणूस घर सोडत नाही, आणि यात त्याचं काही चूक नाही. म्हणून पहिला इशारा जनावरांचा ठेवा. त्यांना हलवायला वेळ लागतो, ट्रॅक्टर-टेम्पो लागतो, वैरणीची सोय लागते. जनावरं उंचावर गेली की माणसं हलवणं निम्म्याने सोपं होतं.

२. सेन्सर कुठे बसवायचा

पूल हीच उत्तम जागा, पण कुठलाही पूल नव्हे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि कमी उंचीचे पूल सगळ्यात आधी पाण्याखाली जातात, तिथे बसवलेला सेन्सर नेमका गरजेच्या दिवशी वाहून जाईल. आजवरच्या सर्वोच्च पूररेषेच्या किमान चार-पाच फूट वर जागा मिळत नसेल, तर काठावर वेगळा लोखंडी खांब उभा करा आणि सेन्सर आडव्या हातावर नदीच्या बाजूला काढा.

पुलावर बसवताना दोन खांबांच्या मधोमध बसवा, कारण खांबाजवळ पाणी उसळतं आणि आकडा नाचतो. शक्यतो पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहत जातं त्या बाजूला लावा. वरच्या अंगाला वाहून आलेली झाडं आणि ओंडके आदळतात. पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा जलसंपदाचा असेल, त्या कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या. हे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करा, परवानगीला किती दिवस लागतील त्याचा नेम नसतो.

पंचगंगेवर एक खास अडचण आहे, जलपर्णी. हिरवा थर सेन्सरखाली येऊन थांबला तर सेन्सर त्यालाच पाणी समजतो. प्रवाह जिथे मोकळा आणि खळाळता आहे तिथेच मोजा. साचलेल्या डोहावर मोजू नका.

३. कोणता सेन्सर

तीन प्रकार आहेत. पाण्यात बुडवून ठेवायचा दाबाचा सेन्सर, वरून आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक आणि वरूनच रेडिओ लहरींनी मोजणारा रडार.

दाबाचा सेन्सर विहिरीत आणि कालव्यात चांगला चालतो. पुराच्या नदीत तो गाळात पुरला जातो किंवा केबलसकट निघून जातो. नदीसाठी मी तो घेणार नाही.

अल्ट्रासॉनिक स्वस्त आहे. बाजारात सहज मिळणारे छोटे जलरोधक मोड्यूल मात्र जेमतेम चार-पाच मीटरपर्यंत मोजतात, ते ओढ्या-नाल्यासाठी ठीक आहेत. पुलासाठी किमान दहा मीटर पल्ल्याचा घ्या. शिवाय आवाजाचा वेग तापमानानुसार बदलतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. हे किरकोळ वाटतं, पण पाणी आठ मीटर खाली असेल आणि तापमान दहा अंशांनी बदललं तर आकडा सुमारे १४ सेंटिमीटरने, म्हणजे साडेपाच इंचांनी चुकतो. कडक ऊन पडून लगेच सर आली की नदी न उतरताही यंत्र उतरलेली दाखवेल. म्हणून सोबत तापमानाचा सेन्सर हवा, तोही सावलीत.

रडारला तापमानाचा आणि वाऱ्याचा त्रास जवळजवळ नसतो. किंमत अनेक पटींनी जास्त आहे. गावाला एकच यंत्र एकाच पुलावर बसवायचं असेल तर वर्गणी काढून रडारच घ्यावा असं माझं मत आहे.

आणि पैसे अगदीच नसतील तर? घराच्या टाकीत पंप बंद करायला वापरतात ते फ्लोट स्विच तीन-चार घ्या. जाळीदार पाईपच्या आत, तक्त्यातल्या महत्त्वाच्या उंचीवर एकेक बसवा. पाणी तिथे पोचलं की स्विच उचलला जातो आणि दिवा लागतो. फूट-इंच कळणार नाहीत, पण ‘गोठ्याची पातळी आली’ एवढं नक्की कळेल. महागडा सेन्सर घेतलात तरी हे स्विच जोडीला ठेवा. मुख्य यंत्र खोटं बोलतंय का, हे त्यांच्यावरून तपासता येतं.

४. आकडा साफ करणं

हिशेब सोपा आहे, सेन्सरच्या उंचीतून त्याने मोजलेलं अंतर वजा करायचं. सेन्सर तुमच्या पट्टीवर ५२ फुटांवर, म्हणजे १५.८५ मीटरवर आहे आणि अंतर ६.२५ मीटर आलं, तर पाणी ९.६० मीटरवर, म्हणजे साडेएकतीस फुटांवर आहे. यंत्राला मीटरमध्ये चालू द्या, पण माणसांना फूट-इंचातच सांगा.

एका वेळी एकच वाचन घेऊ नका. पंधरा घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं उचला. सरासरी काढू नका, कारण सेन्सरखालून गेलेला एक ओंडका सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला धक्का लावत नाही. मोठ्या नदीची पातळी पाच मिनिटांत फूटभर चढलेली दिसली तर लगेच पुन्हा मोजा. तिसऱ्यांदाही तेच आलं तर खरं धरा.

प्रत्येक निरोपासोबत बॅटरीचा व्होल्टेज आणि वेळ पाठवा. अर्धा तास निरोप आला नाही, तर तो स्वतःच एक इशारा समजायचा आणि माणूस पट्टी बघायला पाठवायचा. गप्प झालेल्या यंत्राचा शेवटचा चांगला आकडा पडद्यावर तसाच दिसत राहिला की सगळे निर्धास्त राहतात. म्हणून आकडा शिळा झाला की पडदा कोरा करणारी ओळ प्रोग्राममध्ये आवर्जून लिहा.

५. निरोप पोचवणं

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठरावीक उंचीला पोचली की आपोआप उघडतात. दूरवरून कोणी बटण दाबायची वाट बघावी लागत नाही. गावाच्या यंत्रणेतही ऐन संकटात चालायलाच हवा तो भाग असाच हवा, दूरच्या कशावरही न विसंबणारा.

पुरात काय काय बंद पडतं ते आधी लक्षात घ्या. सुरक्षिततेसाठी महावितरण पाण्याखालच्या भागातली वीज बंद करतं. मोबाईल टॉवर काही तास बॅटरीवर, मग डिझेलवर चालतो, आणि डिझेल पोचवायचा रस्ता बंद असला की संपला. त्यामुळे सेन्सर ते सर्व्हर, सर्व्हर ते मोबाईल, मोबाईल ते भोंगा अशी साखळी असेल तर भोंगा वाजणार नाही.

सेन्सर ते भोंगा हा टप्पा लोरा रेडिओवर ठेवा, म्हणजे थोड्या विजेत छोटे निरोप दूरवर पाठवणाऱ्या रेडिओवर. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या मर्यादेतल्या कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना वापरता येतो. मोड्यूल घेताना तो याच पट्ट्याचा आहे ना ते बघा, ४३३ किंवा ९१५ चे तुकडे ऑनलाइन सर्रास मिळतात. उघड्यावर हा रेडिओ काही किलोमीटर जातो. मात्र ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि ओला ऊस सिग्नल खातो. म्हणून चाचणी मे महिन्यातल्या मोकळ्या रानात करून समाधान मानू नका. अँटेना उसाच्या वर काढा, आणि रिसीव्हरची अँटेना गावाच्या पाण्याच्या टाकीवर लावा. भोंग्याची पेटी मात्र पुरात न बुडणाऱ्या गावठाणातच हवी. ग्रामपंचायतीचं कार्यालय सखल भागात असेल तर तिथे नको.

मोबाईल जोडणी दुसरा मार्ग म्हणून ठेवा, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या पोरांना आणि तालुक्याला आकडा दिसेल. मोड्यूल ४जी घ्या, जुने २जी मोड्यूल जिओवर चालतच नाहीत. सिमचं रिचार्ज वर्षभराचं एकदाच करा. ऐन जुलैत वैधता संपून यंत्र मुकं होणं, ही सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात नेहमीची बिघाडाची तऱ्हा आहे.

६. वीज

जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस ऊन पडत नाही, हे धरूनच बॅटरी निवडा. समजा ४जी यंत्र एका निरोपासाठी ४० सेकंद जागं राहतं आणि सरासरी १५० मिलिअँपिअर खातं. दर पंधरा मिनिटांनी निरोप म्हणजे दिवसाला साधारण १६० मिलिअँपिअर-तास. पुरात दर पाच मिनिटांनी पाठवलं तर तिप्पट, ४८०. बारा दिवस ऊन नाही असं धरलं तर पावणेसहा अँपिअर-तास लागतात, म्हणून दहाची बॅटरी घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घेतली तर उन्हाळ्याच्या तापलेल्या पेटीतही टिकते. सोलर पॅनल तिरकं लावा, म्हणजे पावसाने धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन जाईल.

लोरा यातलं फार थोडं खातो. म्हणून सेन्सरच्या खांबावर फक्त लोरा आणि ४जी मोड्यूल गावातल्या रिसीव्हरपाशी, अशी वाटणी सगळ्यात चांगली.

भोंग्याला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्या. शेजारी हाताने फिरवायचा सायरनही ठेवा. त्याला काहीच लागत नाही.

७. पाऊसमापक

नदीचा सेन्सर आलेलं पाणी सांगतो, पाऊसमापक येऊ घातलेलं. तो तुमच्या गावात नको, ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावात हवा. वरच्या गावाशी बोलणी करा.

यात डोलणारी छोटी बादली असते, ठरावीक पाणी भरलं की पालथी होते आणि एक ठोका नोंदवते. बसवण्याआधी तपासणी घरीच होते. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. एक ठोका ०.२ मिलिमीटरचा असेल तर एक लिटर पाण्यात सुमारे १५९ ठोके पडायला हवेत. औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणा, लिटरभर पाणी तासाभरात थेंबथेंब सोडा आणि ठोके मोजा. १५१ ते १६७ च्या बाहेर गेलात तर बादलीखालचे स्क्रू फिरवून नीट करा. पाणी भसकन ओतलं तर ठोके कमीच येतील, तो मापकाचा दोष नव्हे.

हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार म्हणतं. ही मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी असते, तुमची नोंदही तशीच ठेवा, म्हणजे तुलना करता येईल.

डोंगराखालच्या वाड्यांचं गणित वेगळं आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे दरड कोसळली, तिथे नदीचा सेन्सर काही कामाचा नव्हता. तिथे पाऊसमापक, जमिनीतल्या पाण्याच्या दाबाचे आणि कलाचे सेन्सर लागतात. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने असं जाळं बसवलेलं आहे. पण अमुक मिलिमीटरला दरड येते असा दुसऱ्या डोंगराचा आकडा उचलून आपल्याकडे लावता येत नाही, त्यासाठी भूवैज्ञानिक हवाच. तोवर नव्या भेगा, कललेले खांब, अचानक गढूळ झालेला झरा यांवर नजर ठेवा, आणि रेड अलर्टच्या रात्री वाडीत झोपू नका.

८. इशाऱ्याचे टप्पे

पातळीइतकाच चढण्याचा वेग महत्त्वाचा. पाणी साडेएकतीस फुटांवर आहे, तासाला दोन इंच चढतंय आणि तुमच्या तक्त्यात खालची गल्ली ३३ फुटांना आहे. राहिले अठरा इंच, म्हणजे नऊ तास. दुपारचे चार वाजले असतील तर पाणी रात्री एकला पोचेल. अशा वेळी नियम एकच ठेवा, पाणी रात्री पोचणार असेल तर माणसं उजेडात हलवायची.

निरोपही तसाच असावा :

‘पूल, दुपारी ४.००. पाणी ३१ फूट ६ इंच. तासाला २ इंच चढ. खालच्या गल्लीत रात्री १ च्या सुमारास येईल. जनावरं आत्ता हलवा, माणसं ६ च्या आत शाळेत. पुढचा निरोप ५ वाजता.’

वेळ, पातळी, वेग, जागा, काम आणि पुढच्या निरोपाची वेळ, याशिवाय काही नको. वेळ नसलेला निरोप दुसऱ्या दिवशीही ग्रुपवर फिरत राहतो.

भोंगा कोणी वाजवायचा हे ग्रामसभेत ठरवून लिहून ठेवा. यंत्राने थेट गावभर भोंगा वाजवू नये असं मला वाटतं. यंत्राने आधी पोलीस पाटील, सरपंच आणि मंडळाचे दोन जण अशा चौघांच्या घरातली घंटा वाजवावी. त्यातल्या एकाने पट्टी किंवा फ्लोट स्विचचा दिवा बघून खात्री करावी. वीस मिनिटांत कोणीच काही केलं नाही, तर मात्र भोंगा आपोआप सुरू व्हावा. एकदा खोटा वाजला तर पुढच्या वेळी लोक कूस बदलून झोपतात. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा पसरवणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला यंत्रणेची लेखी माहिती आधीच द्या. त्यांचा अधिकृत इशारा नेहमी वरचढ. जिल्ह्याच्या कक्षाचा नंबर १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२.

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’, आकाशातल्या विजेसाठी ‘दामिनी’ आणि केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच’ ही ॲप त्या चौघांच्या फोनवर असू द्या. वरच्या धरणातून विसर्ग वाढतोय हे तुमच्या पुलाला कळायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळायला हवं.

९. तपासणी

रोहिण्या लागल्या की तपासणी सुरू करा, म्हणजे मृगाआधी दुरुस्तीला दहा-बारा दिवस मिळतात. सेन्सरच्या तोंडात कोळ्याची जाळी आणि गांधीलमाशीचं घर हमखास असतं. बॅटरी एकदा पूर्ण भाराखाली तपासा. सिमची वैधता बघा. पाऊसमापकाची गाळणी धुवा. पट्टी पुन्हा रंगवा, आणि टेप सोडून सेन्सरचा आकडा पट्टीशी जुळतो का ते पाहा.

मग एका रविवारी सराव घ्या. भोंगा वाजल्यापासून शेवटचं जनावर उंचावर पोचेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. पाच तास लागले तर तक्त्यातला पहिला टप्पा तेवढा खाली सरकवा. या सरावात कुठलीही कारणं सांगू नका, आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना खरोखर हलवून बघा. त्यांच्यासाठी किती माणसं आणि कोणती गाडी लागते ते यादीत नावासमोर लिहा.

पूर येऊन गेलाच, तर पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांत, भिंती धुवायच्या आधी, नवीन पूररेषेवर खिळे ठोकून घ्या. यंत्राची नोंद मेमरी कार्डावरून काढून दोन ठिकाणी ठेवा आणि तिची एक प्रत जिल्हा कक्षाला द्या. त्या नोंदीशेजारी राजाराम बंधाऱ्याचे किंवा आयर्विन पुलाचे त्याच तासांचे आकडे मांडले, की तिथलं पाणी तुमच्या पुलावर किती तासांनी दिसतं हे कळतं. दोन-तीन पुरांच्या नोंदी जमल्या की हा फरक तक्त्यात वेगळा रकाना करून लिहायचा.